कलम कशाचे बांधले? : मराठी बायपासकथेचा न लिहिलेला उत्तरार्ध

मराठीतली बायपासकथा एका ठरावीक जागी संपते. छातीत कळ, गाडीची धावपळ, नागपूरचा रस्ता, थिएटरबाहेरचे नातेवाईक आणि शेवटी घरी परतल्यावरचे पेढे. पुरवण्यांतून, दिवाळी अंकांतून, निवृत्तांच्या आत्मकथनांतून अशा कथा मी वर्षानुवर्षे वाचल्या. डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ने मराठी वाचकाला आपल्या जगण्याच्या सवयी तपासायला लावले, हे ऋण मोठे आहे. पण शस्त्रक्रियेच्या कथनात एक प्रश्न मला क्वचितच भेटला: छातीत नेमके जोडले काय?

हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. अकोट तालुक्यात संत्र्याची बाग असलेल्या माझ्या मामांची बायपास झाली, तेव्हा अमरावतीहून मीच धावलो होतो. ‘तीन बायपास झाल्या’ एवढे ऐकून आम्ही निश्चिंत झालो. नवव्या वर्षी त्यांना पुन्हा चालताना धाप लागली. तपासणीत दिसले ते असे: तिघांपैकी पायातल्या शिरेची एक जोडणी पूर्ण बंद, दुसरी अरुंद, छातीतल्या धमनीची मात्र स्वच्छ उघडी. घरी येऊन जुने डिस्चार्ज कार्ड काढले. त्यात सगळे लिहिलेले होते. वाचले कोणीच नव्हते.

मामा म्हणाले, “शेंदूरजनाघाटहून कलमं आणताना खुंट जंबेरीचा का रंगपूरचा, थे इचारल्याबिगर मी पैसे देत नाही. अन् इथं माह्या छातीत काय बसवलं, थे इचारलंच नाही!”

वऱ्हाडातल्या संत्रा बागायतदाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. फळ पाचव्या-सहाव्या वर्षी धरते, पण डिंक्याला खुंट कितपत तोंड देतो, हे बाग जुनी होताना कळते. बायपासचेही तसेच. पायातली शीर कमी दाबाच्या रक्तासाठी घडलेली असते. तिला धमनीचा दाब सोसायला लावला की पहिल्या महिन्यात गुठळीचा धोका, पुढे भिंत जाड होणे आणि काही वर्षांनी तिच्यातच चरबीचे थर. दहा वर्षांत शिरेच्या जोडण्यांपैकी साधारण निम्म्या निकामी होतात, असे दीर्घकाळ मानले गेले आहे. छातीच्या हाडामागची धमनी मात्र बहुतेकांत दहा वर्षांनंतरही उघडी राहते.

गंमत अशी की, ही धमनी लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसॉव्ह यांनी १९६४ मध्येच वापरली होती. १९६७ मध्ये क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायातल्या शिरेची पद्धत रुळवली आणि जग तिच्यामागे गेले. शीर काढायला सोपी, लांबीला भरपूर. भारतात १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली यशस्वी बायपास केली, तेव्हा तीच चाल होती. १९८६ मध्ये क्लीव्हलंडच्याच लूप आणि सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. तीन वाहिन्या बाधित असलेल्यांत, हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला छातीतली धमनी जोडलेले सुमारे ८३ टक्के जिवंत होते. केवळ शिरा वापरलेले ७१ टक्के. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, हे खरे. तरी पहिली जोडणी धमनीची, हा दंडक त्यानंतर पक्का झाला.

मग दुसरीही धमनीच का नको? इथे वाचकाने सावध व्हावे. भारतासह सात देशांतील ३,१०२ रुग्णांत चिठ्ठ्या टाकून एक धमनी की दोन, हे ठरवले गेले. २०१९ मध्ये दहा वर्षांचा निकाल आला: मृत्यू २०.३ विरुद्ध २१.२ टक्के. म्हणजे फरक नाही. ‘दोन धमन्या व्यर्थ’ असा मथळा यावरून सहज करता येतो, पण मजकूर तेवढा सरळ नाही. दोन धमन्यांच्या गटातील सुमारे १४ टक्क्यांना प्रत्यक्षात एकच मिळाली, आणि एकीच्या गटातील पाचातल्या एकाहून अधिक जणांना हातातली धमनीही जोडली गेली होती. तुलनेची कुंपणेच मोडली होती. दुसरीकडे, दोन धमन्या काढल्यास छातीची जखम चिघळण्याचे प्रमाण वाढते; मधुमेही रुग्णाला हा धोका अधिक. हातातल्या धमनीची बाजू जास्त भक्कम आहे. सहा चाचण्यांतील १,०३६ रुग्णांचा हिशेब एकत्र केल्यावर, शिरेपेक्षा ती जास्त काळ उघडी राहते आणि पुढचे झटके कमी होतात, असे २०१८ मध्ये दिसले. शिरेचीही कथा संपलेली नाही. स्वीडनमधल्या ओरेब्रोत तिला भोवतालच्या चरबीसह, न ताणता काढले, तेव्हा सोळा वर्षांनीही ८३ टक्के जोडण्या उघड्या होत्या. नेहमीच्या पद्धतीत ६४.

म्हणून उत्तर सर्वांना एकच नाही. वय, साखर, हाताचा रक्तपुरवठा, सर्जनचा सराव हे सगळे त्यात येते. पण प्रश्न सर्वांचा आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होती. अकोला पुढच्या टप्प्यात आला. त्याआधी ‘पैसे कुठून आणायचे’ हा प्रश्न इतका मोठा होता की, दुसरा सुचायला जागाच नव्हती. आता जागा आहे.

मामांना पुन्हा छाती उघडावी लागली नाही. पुढच्या भिंतीला रक्त देणारी ती एक धमनी तगून आहे. गोळ्या आणि चालणे सुरू आहे. डिस्चार्ज कार्ड त्यांनी सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवले आहे. गावातला कोणी ऑपरेशनला निघाला की, ते त्याला दोन प्रश्न कागदावर लिहून देतात: कोणती वाहिनी, आणि तीच का?

आपल्या बायपासकथांनी पेढ्यांनंतरचे हे पान लिहायला हवे.