सोमल कुठून आला?

मराठी ऐतिहासिक कादंबरीत विष फार लवकर काम करतं. पेला ओठांना लागतो, दोन वाक्यं होतात, हात थरथरतो, ओठ निळे पडतात आणि माणूस संपतो. विषाला नाव नसतं, 'जहाल' एवढं विशेषण पुरतं. ते कोणत्या बाजारातून आलं, कोणी कुटलं, आणणाऱ्याने कोणती थाप मारली, स्वयंपाकघरात कोणाची ये-जा होती, यातलं काहीच कळत नाही. तटबंदीच्या बुरुजांसाठी आणि दरबारच्या मानपानासाठी दप्तरं धुंडाळणारे आपले लेखक विषापाशी आले की अभ्यास बाजूला ठेवतात. माझं म्हणणं असं की विषाची गोष्ट ही पदार्थाची नसून व्यवहाराची गोष्ट आहे, आणि मराठी कथात्म साहित्याने तो व्यवहारच लिहायचा टाळला आहे.

आपली परंपरा या बाबतीत दरिद्री नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या जेवणाची परीक्षा आहे. अन्नाचा घास आधी अग्नीला आणि पक्ष्यांना द्यायचा, धुराचा रंग बघायचा, चकोराचे डोळे लाल होतात का ते पाहायचं. पक्ष्यांची ही लक्षणं आज कोणी खरी मानणार नाही. पण त्याच अध्यायात विष घालणाऱ्या माणसाचीही लक्षणं दिली आहेत. तोंड सुकणं, बोलताना अडखळणं, घाम, जांभया, कापरं, बोलताना इकडेतिकडे पाहणं, एका जागी न ठरणं. एवढ्या ओळींत एक अख्खं पात्र उभं आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाची सुरुवातच अन्नपानाच्या रक्षणापासून होते, म्हणजे वैद्याचा विचार विषाच्या आधी स्वयंपाकघराकडे जातो. 'मुद्राराक्षसा'त विषकन्या आहे, पण ती राजकारणाच्या हिशेबातली एक सोंगटी आहे. तिला कोणी पाठवली आणि ती कोणाच्या वाट्याला गेली, हा नाटकाचा विषय.

मग आधुनिक रंगभूमी आली आणि विष परदेशाहून आयात झालं. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट' मराठीत 'विकारविलसित' म्हणून आणलं. झोपलेल्या राजाच्या कानात ओतलेला रस, तलवारीच्या टोकाला लावलेलं विष, राणीने चुकून उचललेला प्याला हे सगळं त्यासोबत आलं. नाटक म्हणून ते थोरच आहे. पण त्याच काळात मुंबई सरकारच्या केमिकल अनालायझरच्या टेबलावर इलाख्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून जे येत होतं ते वेगळं होतं. सोमल म्हणजे आर्सेनिक, अफू, धोतरा. ही तीन नावं त्या काळच्या न्यायवैद्यक लिखाणात पुन्हापुन्हा येतात, कारण ती बाजारात किंवा कुंपणावर सहज मिळत. आपल्या लेखकांनी कानात ओतलेला रस उचलला आणि वाण्याच्या दुकानातला सोमल सोडून दिला.

सोमल सोडला याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण एकोणिसाव्या शतकातली सर्वांत मोठी विषकथा मराठी राजघराण्यात घडली. ९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर सकाळच्या फेरफटक्यावरून परतला आणि रोजच्यासारखा पपनसाचा रस प्यायला. एकदोन घोट घेतल्यावर त्याला बरं वाटेना, त्याने उरलेला रस बाहेर फेकला आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, पुढे नमुना मुंबईला डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. निष्कर्ष आला: सोमल आणि हिऱ्याची पूड. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले. संशय थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर गेला.

पुढच्या वर्षी चौकशी आयोग बसला, अध्यक्ष सर रिचर्ड काऊच. महाराजांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील विलायतेहून आला. साक्षी वाचताना लक्षात येतं की इथे खलनायक एक नाही, एक साखळी आहे. रेसिडेन्सीतली आया, हवालदार, जमादार, महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंत, जो माफीचा साक्षीदार झाला. घोड्याच्या औषधाच्या नावाखाली सोमल मागवल्याची साक्ष आहे. हिऱ्यांच्या खरेदीवरून जवाहिऱ्याची साक्ष आहे. माणसं कबूल करतात, फिरतात, एकमेकांवर ढकलतात. आयोगातले तीन इंग्रज सदस्य दोषी म्हणाले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे या तिघांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. मत अर्धं-अर्धं फुटलं, तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं गेलं, आणि ते गैरकारभाराच्या कारणावरून. त्यांच्या गादीवर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक आला, तो पुढे सयाजीराव झाला. इतकं साहित्य समोर असताना आपण 'जहाल विष' लिहितो.

यातली हिऱ्याची पूड कादंबरीकाराने नीट पाहावी. हिरा विषारी नाही. शरीरात तो काही करत नाही. तरी हिरा गिळला की माणूस मरतो, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली होती. म्हणून बडोद्याच्या गाळात हिऱ्याची पूड सापडते ती कारस्थान करणाऱ्यांच्या समजुतीचा पुरावा म्हणून. ऐतिहासिक शक्यतेची कसोटी इथे दुहेरी होते: त्या काळच्या माणसांना काय खरं वाटत होतं, आणि शरीराने प्रत्यक्षात काय केलं असतं. आपली गोष्ट हिरकणी गिळून मेलेल्या राण्यांवर थांबते. पात्राला हिऱ्यावर विश्वास ठेवू द्यावा, लेखकाने ठेवू नये.

दुसरं उदाहरण शिवकाळानंतरचं. १६८१ च्या ऑगस्टमध्ये संभाजीराजांच्या माशाच्या जेवणात विष घातल्याची हकिकत मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रात येते. एका मुलाने त्यांना खाण्यापासून अडवलं, ते अन्न एका नोकराला आणि कुत्र्याला दिलं आणि दोघंही काही तासांत मेले. विषाचं नाव नाही. पण 'काही तास' आहे, मासा आहे, सगळं माहीत असलेला मुलगा आहे, आणि धन्याच्या ताटातलं खावं लागलेला एक नोकर आहे ज्याचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. संशोधन करणाऱ्या लेखकाला इथे कामाला लागता येतं. त्या काळी गडावर काय पोचू शकत होतं? काय शिजवल्यावर टिकतं, माशाच्या आमटीत कशाची चव लपते, कशाची नाही? या प्रश्नांची उत्तरं शोधताना गडावरचा कोठीघराचा कारभार, बाजारहाट, वैद्याचा बटवा सगळंच कादंबरीत येतं. विषाचा अभ्यास करताकरता समाजाचा अभ्यास होतो, आणि तेच खरं हशील आहे.

भूगोलाच्या चुका तर सरसकट आढळतात. बचनाग ही हिमालयातली वनस्पती, तिचं वाळलेलं मूळ व्यापाऱ्यांच्या वाटेने खाली यायचं. सह्याद्रीत जिला काही ठिकाणी बचनाग म्हणतात ती कळलावी, वेगळीच वेल, वेगळं विष. कोकणातल्या कथेला काजरा, कण्हेर, धोतरा, गुंज जवळचे. गुंजेचा वापर तर गुरांना मारण्यासाठी होई, कातड्याच्या लोभाने. न्यायवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत त्यावर पानंच्या पानं आहेत, आणि मी वाचलेल्या एकाही मराठी कादंबरीत तो गुन्हा नाही. सायनाइड पेशवाईत घालू नये, त्याचा धंद्यातला वापर वाढला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आणि सोमलाने होणारे जुलाब-उलट्या पटकीसारखे दिसत, म्हणून पटकीच्या वर्षी झालेल्या मरणाकडे कोणी संशयाने पाहत नसे. एका गावात पटकीची साथ, एका वाड्यात मरण, आणि शंका आलेला एकच वैद्य, एवढ्यावर चांगली कादंबरी उभी राहील.

इथे मला आमच्या ट्रॉम्बेकडे यावंसं वाटतं. ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा अणुभट्टी इथे सुरू झाली, आशियातली पहिली. लोकांना अणुशक्ती म्हटलं की वीज आणि बॉम्ब आठवतो. पण न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली केसाचा तुकडा ठेवला तर त्यातल्या आर्सेनिकचा अत्यंत सूक्ष्म अंशही स्वतःची ओळख सांगतो. तयार होणाऱ्या किरणोत्सारी आर्सेनिकचं अर्धायुष्य सुमारे सव्वीस तास, त्याच्या किरणांवरून प्रमाण काढता येतं. केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं या पद्धतीने काम करणारं एकक भाभा केंद्राच्या आवारात होतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून केसाच्या लांबीवर तारखा वाचता येतात. विष एकदा दिलं की थोडंथोडं, हे त्यातून कळतं. याच पद्धतीने १९६१ मध्ये ग्लासगोच्या हॅमिल्टन स्मिथ यांनी नेपोलियनच्या केसांत आर्सेनिक दाखवलं आणि खुनाची कथा जगभर गेली. २००८ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी त्याच्या लहानपणाच्या, त्याच्या मुलाच्या आणि जोसेफीनच्या केसांतही तसंच जास्त आर्सेनिक मोजलं. म्हणजे तो काळच आर्सेनिकने भरलेला होता. रंगांत, औषधांत. यंत्राने पदार्थ सापडतो, हेतू सापडत नाही. त्या दोहोंमधली जागा कथेची आहे, आणि ट्रॉम्बेच्या भिंतीपलीकडे चालणाऱ्या या कामावर मराठीत नाव घेण्याजोगी कथा मला आढळलेली नाही.

त्याच १९५६ साली, अप्सरा सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी, पुण्याहून सुटलेल्या रात्रीच्या गाडीत एक श्रीमंत विधवा बेशुद्ध पडली. सोबत तिचा डॉक्टर लागू. १३ नोव्हेंबरच्या पहाटे मुंबईत पोचल्यावर त्याने तिला जी. टी. रुग्णालयात वेगळ्या नावाने दाखल केलं आणि त्याच दिवशी ती वारली. नंतर तिच्या नावाची पत्रं नातेवाइकांना येत राहिली, की मी लग्न केलं आहे, दूर राहते आहे. शवविच्छेदनात विष सापडलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या डिसेंबरात बहुमताने शिक्षा कायम केली, एका न्यायमूर्तींनी भिन्नमत दिलं. लागू खटला म्हणून वकील मंडळी तो अजून शिकतात, कारण विष न सापडताही विषप्रयोग परिस्थितीवरून सिद्ध होऊ शकतो हे तिथे ठरलं. १९८४ साली पुण्यातल्याच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने चार गोष्टी मागितल्या: हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीच्या ताब्यात विष, आणि ते देण्याची संधी. त्या वेळी आरोपी सुटला. कोणत्याही रहस्यकथाकाराने या चार गोष्टी टेबलासमोर चिकटवाव्यात. आपल्या बहुतेक रहस्यकथा तिसऱ्या मुद्द्यावर कोसळतात.

आणि आपली रहस्यकथा थोडीथोडकी नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गुरुनाथ नाईकांनीही तितकीच. त्यांनी मराठी माणसाला वाचायला लावलं, हे ऋण मोठं आहे. पण त्या वेगात विषाला वेळ मिळाला नाही. बाबा कदम कोर्टात सरकारी बाजू मांडणारे वकील होते, त्यामुळे त्यांच्या पोलीस ठाण्यांना आणि साक्षीपुराव्याला वजन आहे. अनुभवाने काय फरक पडतो ते तिथे दिसतं. इंग्रजीत अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधखात्यात काम केलं होतं. तिच्या 'द पेल हॉर्स' या कादंबरीतलं थॅलियमच्या विषबाधेचं वर्णन इतकं अचूक आहे की १९७७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात एका परिचारिकेने ती वाचलेली असल्यामुळे एका बाळाचा आजार ओळखला, आणि बाळ वाचलं. अचूक लिहिल्याने कोणाला वाट दाखवली जाईल, ही भीती काही लेखक बोलून दाखवतात. मला ती पटत नाही. मात्रा आणि कृती छापायची गरज नसतेच. लक्षणं, वेळ, माणसं आणि बाजार एवढं खरं असलं की पुरे.

आजच्या काळाची कथा तर आणखी मागे आहे. २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारूतल्या मिथेनॉलने माणसं मेली, मालवणीत शंभरावर. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. इथे कोणी कोणाच्या पेल्यात काही टाकलं नाही. ड्रम कुठून निघाला, कोणी पाणी मिसळलं, कोणी हप्ता घेतला, फवारणीचा मास्क कोणी दिला नाही, अशी साखळी आहे, अगदी बडोद्यासारखी. आमच्या शेजारच्या माहुलला लोक वर्षानुवर्षं तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या हवेत राहतात. हे विष लिहायला वेगळी कादंबरी लागेल, जिच्यात खुनी एकटा नसेल. बातम्या आहेत, अहवाल आहेत, निकाल आहेत. कथा फार थोड्या.

विषाच्या प्रसंगावर लिहू पाहणाऱ्या नव्या लेखकांना माझी विनंती आहे. परदेशी विषांच्या याद्या बाजूला ठेवा. बडोद्याच्या आयोगाचं कामकाज छापलेलं आहे, लागू खटल्याचा निकाल कोणालाही वाचता येतो, लायन आणि मोदी यांची न्यायवैद्यकाची पुस्तकं मोठ्या ग्रंथालयांत मिळतात, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मुंबई सरकारचे कागद आहेत. एखाद्या निवृत्त पोलीस हवालदाराला भेटा आणि व्हिसेरा राखून ठेवल्यापासून सी. ए. रिपोर्ट हातात येईपर्यंत घरात आणि ठाण्यात काय काय चालतं ते विचारा. मग पेला भरा.