पन्नाशीनंतरची पहिली चौकट

शिकागोच्या एमिल फेरिस चाळिशीला पोहोचल्या होत्या तेव्हा डास चावण्याचं निमित्त झालं आणि त्यांना वेस्ट नाईल विषाणूची लागण झाली. कमरेखालचं अंग लुळं पडलं, चित्रं काढायचा उजवा हातही गेला. तोवर त्या फुटकळ चित्रकामं करत, खेळण्यांच्या मूर्ती घडवत. मुलीने चिकटपट्टीने हाताला पेन बांधून दिलं, तेव्हा त्यांनी रेघ पुन्हा पहिल्यापासून गिरवायला घेतली आणि रीतसर कला-महाविद्यालयात नाव घातलं. ‘माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स’ ही त्यांची पहिली चित्रकादंबरी २०१७ मध्ये आली, तेव्हा त्यांची पंचावन्नी भरत आली होती. ४८ प्रकाशकांनी ती नाकारली होती. छापून झालेल्या प्रतीही जहाज कंपनीचं दिवाळं निघाल्यामुळे पनामात अडकून पडल्या. पुढे २०१८ मध्ये तिला तीन आयस्नर पुरस्कार मिळाले आणि २०१९ मध्ये फ्रान्सच्या अँगुलेम महोत्सवाचा सर्वोच्च मान.

जिद्दीची कहाणी म्हणून हे सगळं पुष्कळदा सांगून झालं आहे. पुस्तक उघडलं की मात्र ती कहाणी मागे पडते. समोर असतं शाळकरी मुलीच्या रेघी वहीसारखं पान, त्यावर बॉलपेन. काळ १९६८ चा. दहा वर्षांची करेन स्वतःला मुलगी म्हणून काढतच नाही, सुळे बाहेर आलेला लांडगा-माणूस म्हणून काढते. चौकटींची शिस्त जवळजवळ नाही. चेहऱ्यांवर तिरप्या रेघांची इतकी दाट जाळी, की शेजारीण आंकाचे डोळे निळ्या शाईत बुडाल्यासारखे दिसतात. विशीत एखाद्या प्रकाशनगृहात उमेदवारी केली असती, तर हे पान संपादकाने पहिल्याच दिवशी परत केलं असतं.

अमेरिकी कॉमिक्सचा धंदा बराच काळ कारखान्यासारखा चालला. एकाने पेन्सिलीत काढायचं, दुसऱ्याने शाई फिरवायची, तिसऱ्याने अक्षरं घालायची, चौथ्याने रंग भरायचे, आणि पैसे पानामागे. जपानी मांगा (कॉमिक्स) साप्ताहिकांत तर आठवड्याला वीसेक पानं द्यावी लागतात. असल्या चरकात शिरायला तरुण पाठ लागते. उशिरा येणाऱ्यांना वाट मिळाली ती चित्रकथा ‘पुस्तक’ झाली तेव्हापासून, कारण पुस्तकाला दर आठवड्याची घाई नसते. विल आयस्नर यांनी ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ १९७८ मध्ये, एकसष्टीला आणलं. ते या धंद्यातलेच जुने खेळाडू होते, पण मधली कित्येक वर्षं त्यांनी सैन्यासाठी देखभालीची सचित्र मासिकं काढण्यात घालवली होती.

त्याच्या दोनच वर्षं आधी क्लीव्हलँडमध्ये हार्वी पेकर यांनी ‘अमेरिकन स्प्लेंडर’चा पहिला अंक स्वतःच्या खिशातून छापला. वय ३६, नोकरी सरकारी रुग्णालयात फाइल-कारकुनाची. चित्र काढता येत नव्हतं. काडीची माणसं काढून, त्यांच्या डोक्यावर संवाद लिहून ते कागद चित्रकारांना देत. त्यांतला एक रॉबर्ट क्रम, जॅझच्या जुन्या तबकड्यांमुळे झालेला दोस्त. विषय काय, तर दुकानात बिलाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका आणि त्यांची पैशावरून चाललेली घासाघीस. टीव्हीवर झळकल्यावरही पेकर यांनी कारकुनी सोडली नाही, निवृत्तीपर्यंत केली. एका परीने ती नोकरीच त्यांची लेखनसामग्री होती. डॉक्टर इयन विल्यम्स यांनी २००७ मध्ये ‘ग्राफिक मेडिसिन’ हे नाव रूढ केलं आणि दवाखान्यातल्या अनुभवांच्या चित्रकथांची एक शाखाच उभी राहिली, तिची बीजं पेकर यांच्या या रांगेत शोधता येतील.

जपानचे शिगेरू मिझुकी आणि चीनचे राओ पिंगरू, दोघांचा जन्म १९२२ चा. दोघांनी एकच युद्ध, दुसरं महायुद्ध, परस्परविरोधी बाजूंनी पाहिलं. मिझुकी यांचा डावा हात पापुआ न्यू गिनीतल्या राबाउलला गेला. रस्त्यावरच्या कागदी चित्रखेळांची चित्रं रंगवून पोट भरल्यावर पस्तिशीच्या सुमारास ते भाड्याने मिळणाऱ्या स्वस्त मांगा-पुस्तकांकडे वळले. नाव झालं ते चाळिशी उलटल्यावर. ‘ऑनवर्ड टूवर्ड्स अवर नोबल डेथ्स’ या १९७३ च्या पुस्तकात सैनिक गोल नाकाचे, हास्यचित्रातले दिसतात आणि आजूबाजूचं जंगल मात्र छायाचित्रासारखं बारीक. शेवटच्या पानांवर ती विनोदी माणसं खऱ्याखुऱ्या प्रेतांत बदलतात. शैलीचा हा सांधा बदलायला कुठल्याच वाक्याची मदत लागत नाही.

राओ यांनी २००८ मध्ये पत्नी गेल्यानंतर, सत्त्याऐंशीच्या आसपास कुंचला हाती घेतला आणि दोघांचा सगळा संसार रंगवून काढला. २०१३ मध्ये त्याचं पुस्तक झालं. फार लोभस आहे ते. पण कॉमिक्स म्हणून ते उणं पडतं: चित्र आहे, खाली मजकूर आहे, एका चौकटीतून दुसरीत सरकणारा काळ नाही. उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या पुष्कळ आत्मकथनांचं दुखणं हेच आहे. सांगण्यासारखं इतकं साठलेलं असतं, की शब्दच पान भरून टाकतात आणि चित्र साक्षीदारासारखं बाजूला उभं राहतं.

प्राध्यापक मेरी टॅलबट यांचं २०१२ चं ‘डॉटर ऑफ हर फादर्स आइज’ या खड्ड्यातून चलाखीने सुटतं. पन्नाशी उलटल्यावरचं हे त्यांचं पहिलं कॉमिक, रेखाटलेलं पती ब्रायन यांनी. एका चौकटीत ब्रायन यांनी सासूबाईंना झालरीचा अ‍ॅप्रन चढवला आहे. माझी आई असला अ‍ॅप्रन कधी घालायची नाही, अशी तळटीप मेरी यांनी तिथल्या तिथे दिली आणि चित्र तसंच ठेवलं! आठवण आणि चित्र यांची ही जुगलबंदी फक्त याच माध्यमात जमते. त्या वर्षीचा चरित्राचा कोस्टा पुरस्कार या पुस्तकाला मिळाला, हे योग्यच झालं.

आपल्याकडे या वाटेवरचं ठळक नाव ‘भीमायन’, नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार म्हणून आधीच मान्यता मिळवून होते, कॉमिक्स त्यांनी कधी केलं नव्हतं. माणसांना चौकटींत कोंडायला त्यांनी नकार दिला. मसूर स्टेशनवर अडकलेल्या लहान भीमराव आंबेडकरांची गोष्ट त्यामुळे गोंड घरांच्या भिंतीवरच्या दिगणा नक्षीसारखी पानभर वळणं घेत जाते. प्रेमाचे बोल पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात, विखारी बोलांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. सातारा आणि महाड यांची ही गोष्ट मराठी वाचकाची घरचीच, पण तिचं हे रूप घडलं ते गोंड हातांनी आणि दिल्लीच्या प्रकाशकाकडून.

मराठी हातांची वाण नव्हती. मुंबईत अनंत पै यांनी १९६७ मध्ये, ३७-३८ व्या वर्षी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, तेव्हा तिचा मोठा भार राम वाईरकर, प्रताप मुळीक यांनीच उचलला. वसंत सरवटे एसीसी सिमेंटमध्ये अभियंता होते आणि नोकरी सांभाळून ‘ललित’ची दिवाळी मुखपृष्ठं काढत. वृत्तपत्रातल्या चित्रपट्टीतला ‘चिंटू’ १९९१ पासून रोज भेटू लागला. एका चित्रात किंवा तीन चौकटींत नेमकं बोट ठेवणं मराठीला उत्तम येतं. शंभर पानं चालणारी चित्रकथा मात्र दिवाळी अंकाच्या हिशेबात बसत नाही, आणि दिवाळी अंकाबाहेर तिला विचारणारे प्रकाशक मोजकेच.

खरं तर कच्चा माल मराठीत ढिगाने आहे. निवृत्त डॉक्टर, गिरणी कामगार, एसटीचे वाहक, शिक्षिका यांची आत्मकथनं इथे सातत्याने येतात आणि बहुतेकांच्या वाट्याला मुखपृष्ठापलीकडे चित्र येत नाही. पेकर यांची काडीची माणसं कुठल्याही निवृत्त कारकुनाला काढता येतील. त्याच्याशेजारी दोन वर्षं चित्रकार बसवायचा, तर त्या चित्रकाराचं घरभाडं कोणीतरी भरावं लागतं. ते आज ना अंकाचे संपादक भरतात, ना साहित्य संस्था. आणि असल्या कामाला वेळ तर लागतोच: फेरिस यांच्यासारख्या गाजलेल्या लेखिकेच्या पुस्तकाचा दुसरा भाग यायलाही २०२४ उजाडलं.