समेवरची खाली : संगीत संयोजनाच्या सॉफ्टवेअरचा पुढचा रस्ता

नवीन पनवेलच्या माझ्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात दोन वस्तू शेजारी शेजारी आहेत. एक, नोटेशनच्या कागदांची जाडजूड फाईल. दुसरी, जुन्या संगणकातून काढून ठेवलेली हार्ड डिस्क. कागद पिवळे पडले आहेत, पण समोर ठेवले की आजही वाजवता येतात. डिस्कवर मी केलेली चाळीसेक भावगीतांची संयोजने आहेत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती केली ते कधीच बंद पडले. आता एकही फाईल उघडत नाही. संगीत संयोजनाच्या सॉफ्टवेअरचे पुढे काय होणार, हा प्रश्न मला या कप्प्यासमोर पडला.

चाल संगीतकाराची. पण गायिका श्वास घेते तेव्हा ती जागा बासरीने भरायची की मोकळी ठेवायची, व्हायोलिन कुठून उचलायचे, ढोलकी कुठे थांबवायची, हे संयोजक ठरवतो. भातखंडे आणि पलुस्कर यांच्या स्वरलिपी मुख्यतः एका गळ्याची ओळ लिहिण्यासाठी घडल्या. स्टुडिओत पन्नास वादक बसू लागले तेव्हा अनेक ओळी एकाखाली एक लिहिण्याची विद्या आली ती गोव्याच्या चर्चशाळांत शिकलेल्या वादकांकडून. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावे. मराठीत व्हायोलिनवादक अनिल मोहिले आणि अ‍ॅकॉर्डियनवादक अरुण पौडवाल याच कामातून घडले; पुढे 'अष्टविनायक'चे (१९७९) संगीत 'अनिल-अरुण' या जोडनावाने आले. मात्र संयोजकाचे नाव श्रेयनामावलीत आले तरी पुष्कळदा 'सहायक' म्हणूनच आले. हे कामच असे की ऐकू येते, पण दिसत नाही.

आजची सॉफ्टवेअर याच पाश्चात्त्य लेखनपद्धतीची वारस आहेत. कॅनडातल्या पीजी म्युझिक कंपनीचे 'बँड-इन-अ-बॉक्स' १९९०मध्ये आले. कॉर्डची नावे टाइप करायची, शैली निवडायची, की पियानो, बास, ड्रम्स आपोआप वाजू लागतात. पुढे त्यात खऱ्या वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेले तुकडेही आले. घरात एकट्याने रियाज करणाऱ्याला याचा मोठा आधार आहे आणि मीही तो घेतला आहे.

पण अशा सॉफ्टवेअरला रूपक द्या. सात मात्रा त्याला मोजता येतात, मात्र मापातला पहिला ठोका वजनदार, हा त्याचा संस्कार. रूपकात समेवरच खाली असते. जिथे तबलजी डग्गा राखून ठेवतो, नेमका तिथेच यंत्र धपकन ठोका देते. यमनचेही तसेच. सफेद एकचा यमन दिला, तर त्यातले सात स्वर आणि पाश्चात्त्य जी मेजरचे सात स्वर एकच. मग स्वरांवरून पट्टी ओळखणारे यंत्र पंचमालाच घर समजते आणि गाणे षड्जावर येऊन विसावले तरी साथ मात्र घराबाहेर उभी राहते. हिशेबात काहीच चुकलेले नसते. रागच नाहीसा झालेला असतो.

आता बाजार बदलतो आहे. १९८८पासून चालत आलेले 'फिनाले' हे नोटेशनचे मातब्बर सॉफ्टवेअर थांबवत असल्याचे त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर केले. अनेक सॉफ्टवेअर विकत घेण्याऐवजी महिन्याच्या वा वर्षाच्या भाड्याने घ्यावी लागतात. त्यात 'सुनो', 'उडिओ' यांच्यासारखी साधने आली : चार ओळी लिहा, पूर्ण गाणे घ्या. त्यांना शिकवण्यासाठी आमची गाणी परवानगीविना वापरली, असा दावा करत मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जून २०२४मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर खटले भरले. आणि आमच्याकडे? गणेशोत्सवातल्या ज्या कार्यक्रमाला मी पूर्वी सहा वादक घेऊन जात असे, तिथे आता दोघे वादक आणि लॅपटॉपवरचा ट्रॅक असतो. ऑक्टोपॅड वाजवणारा आमचा मित्र हल्ली कराओके क्लबची ध्वनिव्यवस्था सांभाळतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हजारो गाणी ऐकून शिकलेले नवे यंत्र उद्या रूपकाची खाली बिनचूक राखील; मग तक्रार कसली? मला वाटते, खरी तक्रार तिथेच सुरू होते. ते खाली राखील, पण का राखली हे तिथे नोंदलेले नसेल. बहुतेक वेळा हाती येतो तो तयार ध्वनी. वाद्ये सुटी करून देण्याच्या सोयी येऊ लागल्या आहेत. तरी 'दुसऱ्या अंतऱ्याआधीचा बासरीचा पीस काढ, तिथे नुसता तानपुरा राहू दे' असा निर्णय घेण्यासाठी आधी तो पीस कागदावर दिसावा लागतो. जे दिसत नाही ते खोडता येत नाही आणि शिष्याला शिकवताही येत नाही.

म्हणून या सॉफ्टवेअरची कसोटी ते आपणहून किती वाजवते ही नसावी. संयोजकाचा निर्णय ते किती वाचनीय आणि किती हलवता येण्याजोगा ठेवते, ही असावी. त्यासाठी नवे शोध लागायला हवेत असेही नाही. मिडी १९८३पासून आहे. एका सॉफ्टवेअरमधले नोटेशन दुसऱ्यात नेणारी म्युझिक-एक्सएमएल ही खुली पद्धत २००४पासून आहे. तिथे तालाची खाली-भरी, मींड आणि कणस्वर यांना हक्काची जागा हवी. ती परदेशातली कंपनी आपणहून देणार नाही. आपल्या संगीत विद्यालयांनी आणि संगणक शिकलेल्या मुलांनी मागितली, घडवली, तरच मिळेल.

मी माझ्यापुरता नियम केला आहे. प्रत्येक संयोजन खुल्या स्वरूपात साठवतो, छापून फाईलला लावतो आणि पहिल्या पानावर सगळ्या वादकांची नावे लिहितो. यंदा रूपकातले एक गाणे आम्ही ट्रॅकशिवाय केले. तबल्यावरच्या मुलाने पहिल्या आवर्तनात समेवर जोरात ठोका दिला, माझ्याकडे पाहिले, आणि दुसऱ्या आवर्तनाला हात आवरला. कार्यक्रम संपल्यावर ती जागा मी त्याच्याकडूनच कागदावर लिहून घेतली.