त्सुंदोकू : एका थट्टेचे परदेशगमन

इंग्रजी भाषा शब्दांच्या बाबतीत मोठी हौशी. जिथे जाईल तिथून चार शब्द पदरात बांधून आणायचे, ही तिची जुनी खोड. एकविसाव्या शतकात तिने जपानकडून उचललेला असाच एक शब्द म्हणजे 'त्सुंदोकू'. रोजच्या बोलण्यात तो क्वचितच येतो; पण पुस्तकवेड्या माणसाच्या कानी पडला की त्याला तो तत्काळ आपला वाटतो. अर्थ असा : पुस्तके हौसेने आणायची, रचून ठेवायची आणि वाचायची मात्र नाहीत!

इंग्रज माणूस या शब्दाच्या उंबरठ्यावरच अडखळतो. शब्दारंभी 'त्स' म्हणायची त्याच्या जिभेला सवय नाही. आपले तसे नाही. 'चूल' म्हणताना आपण जो 'च' उच्चारतो, तो या 'त्स'चा सख्खा भाऊच.

खरी गंमत मात्र अर्थात आहे. जपानीत 'त्सुंदे ओकू' म्हणजे रचून ठेवणे. हेच घाईने बोलले की 'त्सुंदोकू' होते. आता 'दोकू' म्हणजे वाचन. 'ओन्दोकू' म्हणजे मोठ्याने वाचणे, 'मोकुदोकू' म्हणजे मनात वाचणे, 'रान्दोकू' म्हणजे हाती येईल ते वाचत सुटणे. आम्ही मास्तर मंडळी प्रकटवाचन, मूकवाचन म्हणतो, त्याच घराण्यातले हे शब्द. या गंभीर मंडळींच्या पंगतीत कोणा मिस्किलाने आणखी एक पाट मांडला : रचून ठेवण्याचे वाचन! ही थट्टा मेइजी काळातली, म्हणजे १८६८ ते १९१२ मधली. १८७९ च्या एका लिखाणात हा शब्द आढळतो, असे लंडन विद्यापीठाचे प्राध्यापक अँड्र्यू गर्स्टल यांनी सांगितले आहे. तिथे तो एका 'सेन्सेई'ला, म्हणजे गुरुजींनाच, चिकटवलेला आहे. आमच्या व्यवसायाचा मान असा सातासमुद्रापलीकडेही राखलेला पाहून मला समाधान वाटले.

इंग्रजीने शब्द नेला, पण थट्टा बंदरावरच राहिली. इंग्रजी कानाला 'दोकू' मुका आहे. मग काय, ज्याचे भाषांतरच होऊ शकत नाही असे एखादे पौर्वात्य तत्त्वज्ञान म्हणून तो मिरवला जातो. न वाचलेल्या थप्पीला कौतुकाची शाल पांघरतो. मला हे पटत नाही. हे तत्त्वज्ञान नव्हे, हा एक कोमल चिमटा आहे; आणि ज्याने दुखत नाही तो चिमटा कसला?

इंग्रजीत पुस्तकवेडाला दुसरा शब्द नव्हता असेही नाही. टॉमस डिब्डिनने 'बिब्लिओमेनिया' या नावाचे पुस्तकच १८०९ मध्ये लिहिले. पण ते वेड पुस्तक मिळवण्याचे. पुस्तक मालकीचे झाले की ते शांत होते. त्सुंदोकूवाल्याला शांती नाही. त्याला खरोखर वाचायचे असते. म्हणून तर त्याच्या शब्दाच्या शेवटी 'वाचन' उभे आहे.

शब्द प्रवासात काही ना काही हरवतोच. 'जिन-रिकी-शा' म्हणजे माणसाच्या बळावर चालणारी गाडी. तिची इंग्रजीत 'रिक्शॉ' झाली, आपल्याकडे 'रिक्षा'. आणि शब्दाच्या आरंभीचा 'जिन', म्हणजे माणूसच, वाटेत गळून पडला. पुढे इंजिन आले आणि गाडी ओढणारा माणूसही गेला. त्या हरवण्याची कोणी खंत करू नये. पण 'त्सुंदोकू'तला विनोद हाच त्याचा प्राण. तो गेल्यावर उरते ते केवळ कलेवर.

मराठीत हा शब्द आणायचाच असेल तर मी 'थप्पीवाचन' सुचवतो. प्रकटवाचन, मूकवाचन, थप्पीवाचन! शाळा पाहिलेल्या कोणालाही यातला चिमटा समजावून सांगावा लागणार नाही.

वाचकहो, फराळाचे डबे आठवड्याभरात रिकामे होतील. दिवाळी अंकांची थप्पी मात्र कपाटावर भरलेलीच राहील. तिच्यावरची धूळ झटकताना हा शब्द आठवला आणि किंचित टोचला, तर त्याचे भाषांतर बरे झाले असे मी समजेन.