भिंतीवरचा कामगार आणि भिंतीबाहेरचे शहर : डेट्रॉइट कलासंग्रहालयाच्या सामाजिक भूमिकेची चिकित्सा

कलासंग्रहालय समाजाचे असते, हे विधान संग्रहालयविषयक लेखनात इतक्या वेळा येते की त्यातील 'समाज' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. संग्रहाची मालकी कोणाकडे आहे, खर्च कोण उचलतो आणि संकटकाळी झीज कोणी सोसायची, या प्रश्नांच्या उत्तरांतूनच त्या शब्दाला अर्थ प्राप्त होतो. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या कलासंग्रहालयाला, म्हणजेच डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्सला, ही उत्तरे न्यायालयात द्यावी लागली. प्रस्तुत लेखात त्या घटनाक्रमाचा आणि त्याच संग्रहालयातील दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रांचा एकत्र विचार केला आहे.

१८८५ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय १९१९ मध्ये नगरशासनाच्या ताब्यात आले. मोटार उद्योगाच्या भरभराटीचा तो काळ होता. नगरपालिकेच्या पैशातून १९२२ मध्ये व्हॅन गॉगचे आत्मचित्र आणि १९३० मध्ये ब्रॉयगेलचे विवाहनृत्याचे चित्र खरेदी करण्यात आले. अमेरिकेतील बहुतेक मोठी संग्रहालये खाजगी विश्वस्त मंडळांच्या मालकीची असताना येथे मात्र नगरशासन हेच मालक होते. हे भूषण पुढे याच संग्रहालयाच्या जिवावर उठले.

रिव्हेरा १९३२ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटला आले. त्याच्या आदल्याच महिन्यात, ७ मार्च रोजी, फोर्डच्या रूज कारखान्यावर चालून गेलेल्या बेकारांच्या भूकमोर्चावर पोलीस व कारखान्याचे पहारेकरी यांनी गोळीबार केला होता. त्यात चार जण ठार झाले आणि जखमींपैकी आणखी एकाचा नंतर मृत्यू झाला. अशा शहरात, हेन्री फोर्ड यांचे पुत्र एड्सेल यांच्या पैशातून, एका घोषित साम्यवादी चित्रकाराने संग्रहालयाच्या मधल्या चौकात २७ चित्रफलक रंगविले. उत्तरेच्या भिंतीवर व्ही-८ इंजिनाची घडण आहे. दक्षिणेच्या भिंतीवर गाडीच्या सांगाड्याची जुळणी. यंत्रांच्या प्रचंड पसाऱ्यात गोरे व कृष्णवर्णीय कामगार खांद्याला खांदा लावून ओढताना, वाकताना, ढकलताना दिसतात. ज्या वस्तूसाठी हा सर्व खटाटोप चालला आहे ती तयार मोटार मात्र शोधावी लागते. दक्षिण भिंतीवर पार मागे एक इवलीशी लाल गाडी आहे, बस्स. त्याच भिंतीवर कारखाना पाहावयास आलेले मध्यमवर्गीय प्रेक्षक निर्विकार चेहऱ्याने उभे आहेत. संग्रहालयात आलेल्या प्रेक्षकाला स्वतःचे प्रतिबिंब तेथे सापडावे, ही चित्रकाराची खोड असावी.

या चित्रांची थोरवी मान्य करूनही एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. भिंतीवर श्रम आहेत, बेकारी नाही. मंदीने ज्यांच्या हातचे काम काढून घेतले ते मोर्चेकरी या चौकात कोठेही दिसत नाहीत. आश्रयदात्याचा संकोच म्हणून हे घडले असे म्हणणे सोपे आहे. पण रिव्हेरांना यंत्राचे जे आकर्षण होते तेच अधिक सबळ कारण दिसते. तरीही १९३३ च्या मार्चमध्ये चित्रे खुली होताच गदारोळ उडाला. बालकाला लस टोचण्याच्या दृश्यात ख्रिस्तजन्माची विटंबना पाहिली गेली आणि भिंती चुन्याने पुसून काढण्याची मागणी झाली. एड्सेल फोर्ड डगमगले नाहीत. १९५० च्या दशकात संग्रहालयाने चौकाशी एक फलक लावला. त्यात चित्रांचे कलामूल्य उचलून धरले होते आणि चित्रकाराच्या राजकीय मतांचा धिक्कार केला होता. समाजाशी जुळवून घेण्याची ही एक तऱ्हा!

१९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात असलेली शहराची लोकसंख्या २०१३ पर्यंत सात लाखांच्या खाली आली. कारखाने व गोरे मध्यमवर्गीय उपनगरांकडे गेले. शहरात बहुसंख्य कृष्णवर्णीय राहिले आणि नगरपालिकेचे उत्पन्न आटले. या काळात संग्रहालयाने केलेले प्रयत्न दुर्लक्षणीय नाहीत. २००० मध्ये आफ्रिकी-अमेरिकी कलेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. २००७ मध्ये संपूर्ण संग्रहाची फेरमांडणी करताना शैली व घराणी यांच्याऐवजी जन्म, भोजन, मृत्यू अशा मानवी अनुभवांना अग्रस्थान दिले गेले. २०१० पासून निवडक चित्रांच्या प्रतिकृती रस्त्यांवर व उद्यानांत लावल्या जाऊ लागल्या. मात्र हे उपक्रम संग्रहालय लोकांपर्यंत नेतात. संग्रहालयाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार लोकांपर्यंत नेत नाहीत. हा भेद सामाजिक सहभागावरील चर्चेत फार सहज पुसला जातो.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये वेन, ओकलंड व मॅकम या तीन काउंट्यांच्या मतदारांनी संग्रहालयासाठी दहा वर्षांचा मालमत्ता कर मंजूर केला. करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे २० सेंट असा त्याचा दर होता; वार्षिक उत्पन्न सुमारे २.३ कोटी डॉलर. मोबदल्यात तेथील रहिवाशांना प्रवेश विनामूल्य झाला. मॅकममध्ये कौल अगदी थोडक्या मतांनी मिळाला, तरी २०२० मध्ये तिन्ही काउंट्यांनी हा कर पुन्हा मंजूर केला. स्वतःच्या खिशातून कर देण्यास मतपेटीद्वारे संमती देणे, हा संग्रहालयाच्या लोकमान्यतेचा कोणत्याही प्रेक्षकसंख्येपेक्षा अधिक विश्वसनीय पुरावा होय.

पण १८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरी जाहीर केली, आणि मालकीचा प्रश्न उघडा पडला. नगरपालिकेची मालमत्ता म्हणजे धनकोंच्या दृष्टीने विक्रीयोग्य वस्तू. क्रिस्टीज या लिलावगृहाने शहराच्या पैशातून घेतलेल्या सुमारे २,८०० कलाकृतींचे मूल्य ४५.४ ते ८६.७ कोटी डॉलर ठरविले. एकट्या ब्रॉयगेलची किंमत दहा ते वीस कोटी. राज्याच्या महाधिवक्त्याने मात्र हा संग्रह लोकांसाठीचा धर्मादाय न्यास असल्याने विकता येणार नाही, असे मत दिले होते. रिव्हेरांची भित्तिचित्रे एड्सेल फोर्ड यांची देणगी असल्याने या मूल्यांकनात नव्हती. जे भांडवलदाराने दिले ते सुरक्षित आणि जे नागरिकांनी घेतले ते लिलावाच्या छायेत, असा हा विपर्यास होता.

अखेर तडजोड झाली. धर्मादाय प्रतिष्ठानांचे ३६.६ कोटी, संग्रहालयाने उभारावयाचे १० कोटी आणि राज्याचे वीस वर्षांच्या हिशेबाने ३५ कोटी, असे ८१.६ कोटी डॉलर निवृत्तिवेतन निधीसाठी द्यावयाचे ठरले. बदल्यात संग्रह नगरपालिकेकडून काढून एका ना-नफा संस्थेकडे कायमस्वरूपी न्यास म्हणून सोपविण्यात आला. ७ नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी या योजनेस मान्यता दिली. कला विकणे म्हणजे शहराचे भवितव्यच गमावणे, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय होता.

हा निष्कर्ष बरोबर आहे. चित्रे विकून आलेला पैसा एकदाच वापरता आला असता, आणि शहर त्याने सावरले नसते. परंतु या तडजोडीचे वर्णन बहुधा कलेच्या विजयाची कथा म्हणून केले जाते, तेथे आक्षेप घ्यावा लागतो. सामान्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनात ४.५ टक्के कपात झाली आणि महागाईनुसार होणारी वार्षिक वाढ बंद झाली. त्यांचे सरासरी निवृत्तिवेतन वर्षाला २० हजार डॉलरच्या आतले होते. तडजोड झाली नसती तर कपात याहून मोठी झाली असती हे खरेच. म्हणून तर त्यांनी बहुमताने होकार दिला. पण अशा होकाराला पसंती म्हणता येत नाही. शिवाय हा सर्व व्यवहार राज्यपालांनी नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकाच्या अमलाखाली झाला. निर्वाचित नगरमंडळाचे अधिकार त्या वेळी झाकोळलेले होते. शहराच्या लोकांनी ९५ वर्षे बाळगलेली मालकी अशा प्रकारे संपली. मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना या मुद्द्याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

पैसा देणाऱ्या प्रतिष्ठानांची नावे सर्वश्रुत झाली, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी आपल्या उतारवयातील उत्पन्नाचा वाटा सोडला, ते सफाई कामगार, कारकून, बसचालक यांची मात्र न्यायालयीन योजनेतील नोंद 'वर्ग ११' एवढीच आहे.