कामकऱ्यांचा कुळवृत्तान्त

कुळवृत्तान्त म्हटला की मूळ पुरुष, त्याचे मुलगे-नातू, वतने आणि पदव्या यांनी भरलेला जाडजूड ग्रंथ आठवतो. ज्या घराण्यात वतन नाही की पदवी नाही, त्याचा वृत्तान्त कशावरून लिहायचा? ॲलिसन लाइट यांच्या ‘कॉमन पीपल’ (२०१४) या पुस्तकात याचे उत्तर मिळते.

पोर्ट्समथच्या कामगारवर्गातून आलेल्या या लेखिकेने आपल्या वाडवडिलांचा माग काढला, तेव्हा सुया घडवणारे कारागीर, गवंडी, खलाशी, मोलकरणी भेटत गेल्या. सुईला टोक काढताना उडणारी धूळ छातीत जाऊन माणसे अकाली मरत. घराण्यातील एका स्त्रीचा शेवट वेड्यांच्या इस्पितळात झाला.

गरिबांच्या रोजनिशा क्वचितच उरतात. उरतात ते त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेले कागद: चर्चच्या नोंदवह्या, १८३७ पासूनचे जन्ममृत्यूचे दाखले, १८४१ पासूनची नावनिशीवार जनगणना, आणि निराधारांना कडक शिस्तीत ठेवून राबवणाऱ्या वर्कहाउसची दप्तरे. या कागदांचा हेतू मोजणे आणि ताब्यात ठेवणे हा होता. १८४१ साली तर पंधरा वर्षांवरील माणसांची वये सर्रास पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली गेली. घरी राबणाऱ्या बायकोपुढचा व्यवसायाचा रकाना अनेकदा कोराच राही. कारकुनाचा शब्द प्रमाण न मानता लेखिका त्या कोऱ्या जागांनाही प्रश्न विचारते, हे या पुस्तकाचे खरे बळ.

दोषही आहेत. शाखा इतक्या फुटतात की कोण कोणाचे हे पुन्हा पुन्हा मागे जाऊन पाहावे लागते. कुठे कुठे गावाच्या इतिहासाखाली माणूस झाकला जातो. परंतु आपल्या कुळवृत्तान्तांत लग्न होऊन गेलेली लेक बहुधा एका ओळीत संपते. इथे आजी-पणजीच्या माहेराचाही शोध आहे.

वाचकहो, आपल्याला हे पुस्तक आणखी एका कारणाने जवळचे वाटेल. पोटासाठी गाव सोडणे ही परक्यांचीच गोष्ट नव्हे. ‘इथल्या मूळच्या’ म्हणवणाऱ्या कष्टकऱ्यांचीही तीच आहे. आपल्यामागेही पारपत्रे, व्हिसाचे अर्ज, नोकरीचे परवाने उरतील. तेही कुणा कारकुनाच्या रकान्यांत बसवलेले. रकान्याबाहेरचे आपण लिहून ठेवले नाही, तर नातवंडांच्या हाती तेवढेच लागेल.