परक्यांचा इतिहास आणि आपलें प्रतिबिंब
(पंडिता रमाबाईंच्या अमेरिकाविषयक ग्रंथाचा विचार)

परक्या राष्ट्राच्या पापांची मोजदाद करणें जितकें सोपें, तितकेंच स्वतःच्या राष्ट्राच्या पापांचा हिशेब मांडणें अवघड आहे. पहिल्या कामीं मनुष्यास एक प्रकारचें सुख होतें. दुसर्‍या कामीं त्याची लेखणी अडखळूं लागते, आणि मग "काळच तसा होता", "सगळेच तसें वागत होते" अशा पळवाटा तो शोधूं लागतो. हीं दोन्ही कामें एकत्र करूं पाहणारे ग्रंथ मराठींत विरळाच. पंडिता रमाबाई यांचें "युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त" हें १८८९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापलेलें पुस्तक अशा विरळ्या ग्रंथांपैकीं एक आहे, असें आमचें मत आहे. तें या कामीं कोठवर सिद्धीस गेलें व कोठें तोकडें पडलें, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

रमाबाईंचें चरित्र सुशिक्षित घरांतून सामान्यतः ठाऊक असतें. १८५८ सालीं जन्म, दुष्काळांत आईबाप व बहीण यांचा अंत, १८७८ सालीं कलकत्त्यास मिळालेली "पंडिता" ही पदवी, बंगाली शूद्र गणल्या गेलेल्या वकिलाशीं विवाह, अल्पावधींत वैधव्य, पुण्यांत आर्य महिला समाजाची स्थापना, आणि १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें घेतलेली ख्रिस्ती दीक्षा, हे त्यांतील टप्पे होत. परंतु बहुतेक वाचक दीक्षेपाशीं थांबतात. कोणी त्यामुळें त्यांस पूज्य मानतो, कोणी त्याज्य. ग्रंथकर्त्री म्हणून त्यांचा विचार मात्र दोघांच्याही हातून राहून जातो. मार्च १८८६ मध्यें आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेंत गेल्या. व्याख्यानें देत जवळजवळ पावणेतीन वर्षें तेथें हिंडल्या. आणि सान फ्रान्सिस्कोहून जपानमार्गें १८८९ च्या आरंभीं स्वदेशीं परतल्या. त्याच वर्षीं हा ग्रंथ निघाला व त्याच वर्षीं मुंबईंत शारदासदन उघडलें. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध वाचकानें ध्यानांत ठेवावा. पुढें तो उपयोगी पडेल.

ग्रंथाची मांडणी शिस्तीची आहे. समुद्रप्रवास, खंडाचा शोध, राज्यव्यवस्था, लोकांची राहणी, घरगुती स्थिति, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, आणि शेवटीं स्त्रियांची स्थिति अशीं प्रकरणें एकामागून एक येतात. प्रवासवर्णन म्हटलें कीं आगगाड्या, धबधबे आणि उंच इमारती यांची यादी देण्याची जी रीत आहे, तिला येथें दुय्यम स्थान आहे. बाईंचें लक्ष माणसांवर आहे. विशेष म्हणजे हें पुस्तक त्यांनीं मराठींत लिहिलें. अमेरिकन वाचकांसाठीं "दि हाय कास्ट हिंदु वुमन" हें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं फिलाडेल्फियास निघालेंच होतें. तिकडच्या लोकांस इकडची स्थिति सांगून झाल्यावर इकडच्या लोकांस तिकडची सांगावी, असा हा दुहेरी उद्योग आहे. जगाकडे आपण पाहिलेलें दिसतें व जगानें आपणांकडे पाहिलेलें तर नेहमींच दिसतें. दोन्ही दिशांनीं एकाच लेखणीनें आरसा धरल्याचें उदाहरण आम्हांस फारसें आठवत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. खंडाच्या शोधाची कथा सांगतांना रमाबाई कोलंबसाच्या धाडसानें दिपून जात नाहींत. गोर्‍या वसाहतकारांनीं तेथील मूळ रहिवाशांचा जो छळ केला त्याचीही नोंद त्या घेतात. आफ्रिकेंतून धरून आणलेल्या लोकांची गुलामगिरी व ती नष्ट झाल्यावरही उरलेला वर्णद्वेष यांवर त्यांनीं पांघरूण घातलेलें नाहीं. शिवाय स्त्रियांच्या चळवळीचें मूळ गुलामगिरीविरोधी चळवळींत आहे, हा कार्यकारणभाव त्यांनीं अचूक हेरला. १८४० सालीं लंडन येथील गुलामगिरीविरोधी परिषदेंत अमेरिकन स्त्री-प्रतिनिधींस बसूं दिलें नाहीं, आणि त्या अपमानांतूनच पुढें १८४८ ची सेनेका फॉल्सची सभा निघाली. दुसर्‍याच्या बेड्या तोडूं गेलेल्या हातांस आपल्याही बेड्या दिसल्या, असा हा इतिहास आहे.

येथवर गुणग्रहण झालें. परंतु टीकाकारानें केवळ टाळ्या वाजवूं नयेत. ग्रंथांतील एकंदर सूर कौतुकाचा आहे, आणि त्या कौतुकाखालीं बरेंच कांहीं मंदावलें आहे. रमाबाई अमेरिकेंत होत्या तो काळ कोणता? १८७७ सालीं दक्षिणेंतून केंद्राचें सैन्य मागें घेतलें गेलें होतें, व मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांस त्यांच्या जुन्या धन्यांच्या मर्जीवर सोडण्यांत आलें होतें. १८७५ चा नागरी हक्कांचा कायदा १८८३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला होता. १८८२ पासून चिनी मजुरांस देशांत येण्यास बंदी होती; ज्या बंदरांतून रमाबाई परत निघाल्या, त्याच सान फ्रान्सिस्कोंत ती बंदी सर्वांत जास्त जाणवत असे. १८८७ सालीं डॉज कायद्यानें मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनी तुकडे करून वांटल्या, आणि उरलेल्या गोर्‍यांस मोकळ्या केल्या. म्हणजे अन्याय "पूर्वीं होता" असें नव्हे. तो त्यांच्या डोळ्यांसमोर नवीं रूपें धारण करीत होता. ग्रंथ वाचून वाचकाच्या मनावर ठसा उमटतो तो मात्र असा कीं, मोठें पाप मागें पडलें व आतां थोडासा कलंक तेवढा धुवावयाचा राहिला आहे.

असें कां झालें? १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती, आणि शारदासदनाचा दहा वर्षांचा खर्च तिनें पत्करला होता. ऋणकोच्या लेखणीस धनकोचें घर जरा अधिक नीटनेटकें दिसतें, हा मनुष्यस्वभाव आहे. पण हें एवढेंच कारण देणें न्यायाचें होणार नाहीं. खरें कारण असें दिसतें कीं, त्यांस अमेरिका हा विषय म्हणून नको होता, उदाहरण म्हणून हवा होता. परवशतेंत निजलेल्या स्वदेशीयांस "मनुष्यांनीं मनांत आणलें तर असें होऊं शकतें" हें दाखवावयाचें होतें. उदाहरणाला डाग फार दाखविले कीं ऐकणारा म्हणतो, "मग त्यांचें तरी काय मोठें?" ही भीति आम्हांस समजते, परंतु तिच्यापुढें सत्य किती झुकवावें, या प्रश्नाचें उत्तर ग्रंथानें पुरतें दिलेलें नाहीं.

धर्माचा प्रश्न याहून खोल आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या बाईनें ख्रिस्ती राष्ट्राचें वर्णन करावयाचें, आणि त्या राष्ट्रांत गुलामांचा धनी व गुलामांचा मुक्तिदाता दोघेही एकच बायबल हातीं घेऊन उभे! अमेरिकेंतील मेथडिस्ट मंडळी १८४४ सालीं आणि बॅप्टिस्ट मंडळी १८४५ सालीं याच प्रश्नावर दुभंगली. १८४५ सालींच फ्रेडरिक डग्लस या गुलामींतून निसटलेल्या पुरुषानें आपल्या आत्मचरित्राच्या शेवटीं, देशांत चालणारा ख्रिस्ती धर्म वेगळा व ख्रिस्ताचा धर्म वेगळा, असा स्पष्ट भेद केला. दक्षिणेकडील बॅप्टिस्ट मंडळीनें आपल्या या पूर्वपापाबद्दल क्षमा मागितली ती १९९५ सालीं, म्हणजे दीडशें वर्षांनीं. हा भेद करण्याची बुद्धि रमाबाईंपाशीं निश्चित होती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्यांत दीक्षा घेतल्यावरही आपली विवेकबुद्धि पाद्र्यांच्या स्वाधीन करण्यास त्यांनीं ठाम नकार दिला. एका पुरोहितवर्गाच्या जुलमांतून सुटून दुसर्‍याच्या हातीं जाण्यास ही बाई तयार नव्हती. म्हणूनच, "बाटलेल्या बाईचें म्हणणें काय ऐकावयाचें", असा जो आक्षेप आमच्या लोकांनीं घेतला, तो पोकळ आहे. ती परकीयांची भाट नव्हती. फक्त पत्रांत जितकी निर्भय, तितकी या ग्रंथांत ती नाहीं, एवढीच आमची तक्रार.

येथें जोतीराव फुले यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. जोतीराव अमेरिकेस कधीं गेले नाहींत. पण १८७३ सालीं "गुलामगिरी" हें पुस्तक त्यांनीं गुलामांची मुक्तता करणार्‍या अमेरिकन लोकांस अर्पण केलें, आणि आपल्या देशबांधवांनीं तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांस मुक्त करावें, अशी आशा प्रकट केली. रमाबाईंच्या धर्मांतरावर गदारोळ उठला तेव्हां १८८५ सालीं "सत्सार" मधून त्यांची बाजू घेणारेही जोतीरावच. दूर राहून जोतीरावांस जें साम्य दिसलें, त्यावर जवळ जाऊन आलेल्या रमाबाईंनीं तितका भर दिला नाहीं. वर्णद्वेष पाहून त्यांस जातिभेद सुचतो; पण त्यांच्या करुणेचा केंद्रबिंदु उच्चवर्णीय स्त्री हाच राहतो. शारदासदनही आरंभीं उच्चवर्णीय विधवांसाठींच होतें, व तेथें त्यांचे जातिनियम सांभाळले जात. पुढें १८९६-९७ च्या व १९०० च्या दुष्काळांत उघड्यावर पडलेल्या नाना जातींच्या मुली त्यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत आणल्या, तेव्हां हा दोष धुऊन निघाला. ग्रंथाची उणीव ग्रंथकर्त्रीनें आचरणानें भरून काढली, असें क्वचितच घडतें.

आतां वाशीमसारख्या ठिकाणीं हें पुस्तक वाचणार्‍याशीं याचा संबंध काय, असें कोणी विचारील. उत्तर आमच्या काळ्या जमिनींतच आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत गुलामगिरीपायीं यादवी माजली, दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं गेलीं, लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून बंद पडूं लागल्या; आणि वर्‍हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. आज जेथें सोयाबीन डोलतें, त्या शेतांतून तेव्हां पांढरें सोनें निघालें. १८६७ सालीं आगगाडी वर्‍हाडांतून नागपुरास पोहोंचली. पुढें कारंज्यावरून जाणारा मूर्तिजापूर-यवतमाळ लोहमार्गही कापसासाठींच झाला. लढाई संपतांच भाव कोसळले, आणि सावकाराचें कर्ज मात्र कुणब्याच्या डोक्यावर राहिलें. तेव्हां मिसिसिपीच्या कांठचा गुलाम व वर्‍हाडचा कुणबी हे एकमेकांस अनोळखी असले, तरी एकाच तराजूच्या दोन पारड्यांत होते. या जिल्ह्याच्या गांवीं अमेरिकन दयाही पुढें आली: नाझरीन पंथाच्या मिशननें विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत वाशीमास रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उघडलें. त्या उपकाराचें स्मरण ठेवणें आणि त्या राष्ट्राच्या इतिहासाचा जाब विचारणें यांत विरोध नाहीं. कृतज्ञता म्हणजे मौन नव्हे.

मात्र जाब विचारणार्‍याचे स्वतःचे हात तपासले जातातच. डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं डू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहून अस्पृश्य व नीग्रो यांच्या स्थितींतील साम्य दाखविलें. ज्या गांवांत पाणवठे निराळे होते, त्या गांवानें दक्षिणेंतील निराळ्या नळांवर नाक मुरडण्यांत काय अर्थ? आमच्या ख्रिस्ती बांधवांसही हा प्रश्न चुकत नाहीं: पूर्वाश्रमीची जात मंडळींतून कितपत गेली? आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्ती दलित वगळले गेले, याचा विचार इतरांनींही करावयास हवा.

सारांश, रमाबाईंचा ग्रंथ अपुरा आहे, पण प्रामाणिक आहे. आणि अपुर्‍या प्रामाणिकपणास पुढें नेण्याचें काम वाचकाचें आहे. डॉ. मीरा कोसंबी यांनीं २००३ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करून परदेशस्थांस तो वाचावयास दिला. ज्यांच्यासाठीं तो मुळांत लिहिला गेला, त्या मराठी घरांतूनच तो वाचला जाऊं नये ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आमची सूचना साधी आहे. घरांतील मोठ्यांनीं तो मुलांसमवेत वाचावा, आणि अमेरिकेचा एकेक दोष जेथें येईल तेथें थांबून आपल्या गांवचा जोडीदार दोष मुलांस सांगावा. ज्या पानावर असा जोडीदार सांपडणार नाहीं, तें पान खुशाल अभिमानानें उलटावें. अशीं पानें फार निघतील असें आम्हांस वाटत नाहीं.